छोट्या रुळांवरची काशी

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करून त्या घरातील मेजावर चालविण्याचा छंद वरवर पाहता बालिश वाटतो. परंतु या छंदात जो खरोखर मुरला आहे, त्याच्या मनाला एका प्रश्नाने कधी ना कधी घेरलेले असते. डोंगर झाला, बोगदा झाला, स्टेशन झाले, फलाटावर बोटाच्या पेराएवढे हमाल उभे राहिले. आता या रुळांवर गाडी कोणती सोडावयाची? गाडी सुंदर असणे पुरेसे नाही. ज्या गावाचा देखावा मांडला त्या गावात, ज्या वर्षाचा मांडला त्या वर्षी, ती गाडी प्रत्यक्ष धावत होती काय, हे पाहावे लागते. युरोपातील हौशी मंडळींनी या कामासाठी रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत, आणि दुकानातील प्रतिकृतींवर तो क्रमांक छापलेला असतो. आपल्याकडे अशी सोय नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावयास मुलांबरोबर त्यांचे आईवडीलही तितक्याच उत्सुकतेने जातात. तथापि एखाद्याला आपल्याच देशातील एका विशिष्ट गावाची, विशिष्ट वर्षाची रेल्वे मांडावयाची असेल, तर त्याला इतिहास स्वतःच चाळावा लागतो.

असे गाव निवडावयाचे तर काशीइतके मोहात पाडणारे दुसरे गाव सापडणे कठीण. गंगेचे वळण, पश्चिम तीरावरील घाटांची रांग, आणि उत्तरेच्या टोकाला राजघाटापाशी नदी ओलांडणारा लोखंडी पूल. मराठी माणसाच्या दृष्टीने तर या चित्रात आपुलकीच्या खुणा पुष्कळ. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलेले. घाटांना शिंदे, भोसले ही नावे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी. घाट मातीचे करता येतात, देवळांची शिखरे लाकडात कोरता येतात, आणि त्यांत दहावीस वर्षांची चूक झाली तरी ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुलावर गाडी येताच मात्र साऱ्या देखाव्याला तारीख पडते.

प्रथम मापाची अडचण. सर्वांत प्रचलित असलेल्या प्रमाणात मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीवा भाग एवढी प्रतिकृती करतात. बाजारात मिळणाऱ्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते, आणि ते युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला बरोबर लागू पडते. आपला रुंदमार्ग साडेपाच फुटांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीने भागले असता तो सव्वाएकोणीस मिलिमीटरांहून किंचित अधिक येतो. तयार रूळ वापरावेत तर रुंदमार्गाची ऐसपैस बैठकच नाहीशी होते. काशीत ही अडचण दुप्पट, कारण तेथे जवळजवळ शंभर वर्षे रुंदमार्ग आणि मीटरमार्ग शेजारी शेजारी नांदत होते. प्रत्यक्षात दोन्हींचे प्रमाण १.६८ ला १. तयार मिळणारे १६.५ आणि १२ मिलिमीटरचे रूळ जोडीने अंथरले की ते १.३८ ला १ वर येते, आणि थोरल्या व धाकट्या भावांतील फरक पुसला जातो. कॅन्टोन्मेंट स्टेशनावर गाडी बदलणाऱ्या प्रवाशाला जे प्रथमदर्शनी जाणवत असे, नेमके तेच प्रतिकृतीतून निघून जाते. ज्याला काशी करावयाची आहे त्याने रुंदमार्गाचे रूळ स्वतः अंथरावेत हे बरे. काम चिकाटीचे आहे, परंतु अशक्य नाही.

पुलाची गोष्ट याहून बिकट. सात मोठे आणि नऊ लहान असे त्याचे सोळा गाळे असून एकूण लांबी एक किलोमीटरहून थोडी अधिक आहे. सत्त्याऐंशीव्या भागातही ती बारा मीटर होते. एकेक मोठा गाळाच सुमारे सव्वा मीटरचा. इतकी मोठी खोली कोणाच्या घरी असणार? म्हणून गाळे कमी करणे भाग आहे, आणि त्यात अप्रामाणिकपणा नाही. नकाशा काढणारा सगळीच वळणे दाखवीत नाही. गाळ्यांची संख्या कमी केली तरी चालते, त्यांची जात मात्र बदलता येत नाही. या पुलाची जात एकदा बदललेली आहे, आणि पुष्कळांची फसगत होते ती तेथेच. त्याचा उलगडा पुढे ओघाने येईल.

काशीचा पूल १८८७ साली रहदारीस खुला झाला आणि तत्कालीन व्हाइसरॉय डफरिन यांचे नाव त्याला देण्यात आले. म्हणून १८८७ पूर्वीची काशी मांडावयाची असेल तर पूल नाहीच. या साध्या गोष्टीचा विसर पडतो, कारण आगगाडी काशीच्या परिसरात त्याच्या पंचवीस वर्षे आधीच आलेली होती. ईस्ट इंडियन रेल्वेचा कलकत्त्याकडून निघालेला मार्ग १८६२ साली मोगलसराईला पोहोचला. पण मोगलसराई नदीच्या पूर्वेला, काशी पश्चिमेला. मोगलसराईहून निघालेला एक लहानसा फाटा प्रवाशाला गंगेच्या पूर्वतीरापर्यंत आणून सोडी. पुढे नदी उतरलेली असली तर नावांचा पूल, पावसाळ्यात निव्वळ नाव. नदीच्या काशीकडील बाजूस रूळ आले ते १८७० नंतरच्या चार-पाच वर्षांत, आणि तेही दुसऱ्याच दिशेने. अवध-रोहिलखंड रेल्वेने लखनौकडून आपला मार्ग काशीपर्यंत आणला. एका कंपनीची गाडी पूर्वतीरावर येऊन थांबे, दुसऱ्या कंपनीची पश्चिमतीरावर. मधल्या पाण्यात होड्यांची ये-जा. त्या वर्षांचा देखावा करण्याचे धाडस क्वचितच कोणी करतो. पुलाशिवाय काशीच्या रेल्वेला शोभा नाही असे त्याला वाटते. वस्तुतः हाच देखावा सर्वांत बोलका होईल.

महाराष्ट्रातील यात्रेकरूच्या दृष्टीने तर या वर्षांचे मोल विशेषच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, त्या वेळी मुंबईची आगगाडी घाटाच्या पायथ्याशी घुटमळत होती. बोरघाट रुळांनी चढून झाला तो १८६३ मध्ये. इकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुढे सरकत होती. तिकडून ईस्ट इंडियन रेल्वेने अलाहाबादेहून जबलपूरपर्यंतचा फाटा १८६७ साली पुरा केला. आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन्ही मार्ग एकमेकांस मिळाले. त्या दिवसापासून मुंबईकडचा माणूस आगगाडीने गंगेच्या काठापर्यंत जाऊ शकला. ज्या यात्रेस निघताना माणसे घरदाराचा निरोप परत न येण्याच्या तयारीने घेत, तिला आता तिकीट मिळू लागले. तरीही १८७० पासून १८८७ पर्यंत काशीचे पहिले दर्शन त्याला घडे ते नावेतून किंवा नावांच्या पुलावरून, डोक्यावर वळकटी घेऊन चालताना. या सतरा वर्षांची काशी मांडणाऱ्याने गाडी पूर्वतीरावरील रेताडात थांबवावी, आणि उरलेले काम होड्यांवर सोपवावे.

या काळासाठी इंजिन निवडताना हौशी माणूस हमखास ‘फेअरी क्वीन’कडे वळतो. १८५५ साली इंग्लंडातील लीड्स येथे घडलेले हे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेचे होते, ते आजही जतन केलेले आहे, त्याची चित्रे सर्वत्र मिळतात, आणि जुन्या हिंदुस्थानी इंजिनाचे नाव काढताच तेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ते हावड्याकडच्या प्रारंभीच्या मार्गासाठी आणलेले, दोनच चालक चाकांचे हलके यंत्र. हावडा-राणीगंज मार्गावर त्याने काम केले, १८५७ च्या धामधुमीत सैन्याची ने-आण केली, आणि पुढे त्याला बिहारातील मार्गबांधणीच्या कामाला जुंपले. काशीच्या पुलावर भरलेली यात्रेची गाडी ओढताना ते दाखविणे म्हणजे टांग्याच्या तट्टाला हत्तीच्या अंबारीखाली उभे करण्यासारखे आहे. जतन झालेल्या वस्तू इतिहासाची दिशाभूल करतात ती अशी. शेकडो इंजिने मोडीत निघाली, एक उरले, आणि त्या एकालाच साऱ्या काळाचे प्रतिनिधित्व मिळाले. जी साधी, सहा चाकांची, काळवंडलेली मालगाडीची इंजिने खऱ्या अर्थाने त्या काळाचा भार वाहत होती, त्यांचे चित्र शोधावयास कष्ट पडतात.

आता पूल. १८८७ चा मूळ पूल आजच्यासारखा दुमजली नव्हता. लोखंडी कैचीच्या पोटातून रेल्वेचा एकेरी मार्ग जाई आणि त्याच पातळीवरून सडकेची रहदारीही. खाली दुहेरी रूळ आणि माथ्यावर ग्रँड ट्रंक रोड, ही आजची रचना १९४० नंतरच्या दशकातील. त्या वेळी जुन्या पायांवर नवे गर्डर चढविण्यात आले. स्वातंत्र्यानंतर पुलाला पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव मिळाले. म्हणून आजच्या पुलाचे छायाचित्र समोर ठेवून प्रतिकृती करावी, आणि तिच्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील गाडी सोडावी, ही चूक साधी दिसली तरी मोठी आहे. ती चूक भल्याभल्यांच्या हातून सुटलेली नाही. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ चित्रपटाच्या आरंभी गाडीच्या खिडकीतून काशीच्या पुलाच्या तुळया सरकत जाताना दिसतात. कथा आहे बंगाली सन १३२७ ची, म्हणजे १९२० ची. तुळया मात्र नव्या पुलाच्या. चित्रपटाचे त्यात काहीच बिघडत नाही. दिग्दर्शकाला हव्या होत्या त्या तुळयांच्या सावल्या आणि त्यांच्या पलीकडची नदी. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ही सवलत घेता येत नाही, कारण त्याच्यापाशी दाखविण्यासारखे दुसरे काहीच नसते.

एकेरी पुलाच्या त्या काळातील कोणते वर्ष निवडावे? १९०२ हे वर्ष सुचविण्यासारखे आहे. त्या वर्षी मोहनदास गांधी कलकत्त्याहून राजकोटला जाताना वाटेत काशीला उतरले. दक्षिण आफ्रिकेतून परतलेला हा बॅरिस्टर तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हाल स्वतः अनुभवावेत म्हणून मुद्दाम तिसऱ्या वर्गाने निघाला होता. बरोबर बारा आण्यांची कॅन्व्हासची पिशवी, आणि फराळासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दिलेला पुऱ्या व लाडवांनी भरलेला डबा. निरोप द्यायला गोखले स्वतः हावडा स्टेशनावर आले होते. ही सारी हकीकत गांधीजींनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. काशीच्या पुलावरून येणारी १९०२ ची गाडी मांडणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे? गाडीत कोण बसले आहे, त्याच्या पिशवीची किंमत काय, हेसुद्धा ठाऊक आहे. लाकडी डबे, बाकांवर दाटलेली माणसे, दारात अडकलेली गाठोडी, आणि पुढे साधे जुन्या घडणीचे चार किंवा सहा जोडचाकांचे इंजिन. येथेही एक खड्डा आहे. हिंदुस्थानातील रुंदमार्गासाठी ब्रिटिश अभियंत्यांनी ठरविलेले प्रमाणभूत नमुन्यांचे इंजिन १९०५ च्या सुमारास येऊ लागले. त्या नमुन्यांची दहा चाकांची डौलदार मेल इंजिने पुढे देशभर पसरली, म्हणून ती सर्वांच्या परिचयाची आहेत. १९०२ च्या गाडीला मात्र ती लावता येत नाहीत.

१९०५ नंतरच्या काळासाठी हौशी माणसाचे काम थोडे सोपे होते. हे नमुने ब्रिटनमध्येच आखले गेले व बहुतांशी तेथील कारखान्यांतच घडले, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या ब्रिटिश इंजिनाच्या प्रतिकृतीत फेरफार करून त्यांच्याशी बरेच साम्य आणता येते. चालकाच्या खोलीचे छप्पर उन्हासाठी वाढवावे, पुढे मोठा दिवा बसवावा, खाली गुरे बाजूस सारणारी जाळी लावावी. तरी एक उणीव राहतेच. आपल्या रुंदमार्गावरील गाड्या ब्रिटिश गाड्यांपेक्षा अंगाने कितीतरी रुंद, म्हणून फेरफार केलेले इंजिन आपल्या डब्यांपुढे किंचित उपाशी दिसते.

मीटरमार्गाविषयी एक सूचना केलेली बरी. बेंगॉल अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काशीत आला, आणि गाझीपूर, बलिया, छपरा या बाजूची माणसे त्याने आणली. तो गंगेच्या उत्तरेकडचा. डफरिन पुलावरून त्याची गाडी कधीच गेली नाही. देखण्या पुलावर देखणी मीटरमार्गाची गाडी ठेवण्याचा मोह आवरावा. तसाच मोह मुंबई-कलकत्ता मेलचा. मराठी घरातील माणसाला ती गाडी पुलावर असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ती अलाहाबादेहून मोगलसराईला जाई आणि तशीच पुढे कलकत्त्याकडे निघून जाई. काशीचा यात्रेकरू मोगलसराईला उतरे, गाडी बदले, आणि दुसऱ्या गाडीने पूल ओलांडी. हावड्याहून डेहराडूनला जाणारी एक्सप्रेस मात्र पुलावर शोभते. तिचा मार्गच काशीवरून.

१९२५ साली अवध-रोहिलखंड रेल्वे ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन झाली. इंजिनांवरील आद्याक्षरे बदलली, आणि काही वर्षांतच एक्स मालिकेतील अवजड पॅसिफिक इंजिने आली. त्यांपैकी एक्स-बी जातीच्या इंजिनाने मोठी बदनामी पत्करली. जुलै १९३७ मध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे एक्स-बीने ओढलेली एक्सप्रेस घसरली, शंभरांहून अधिक माणसे दगावली, आणि चौकशीचा रोख या जातीच्या इंजिनांच्या डोलण्याकडे वळला. प्रतिकृतीच्या मेजावर ही इंजिने फार रुबाबदार दिसतात. त्यांच्या मागे हा इतिहास आहे एवढे ध्यानात असावे.

१९४० चे वर्ष निवडणाऱ्याला गाडीपेक्षाही मोलाची गोष्ट सापडेल. पुलाच्या पश्चिम टोकाशी काशी स्टेशन आहे. त्याच्या विस्तारासाठी त्या सुमारास राजघाटच्या पठारावर खणती सुरू झाली, आणि मजुरांच्या फावड्यांखाली प्राचीन वाराणसी निघू लागली. मातीच्या मुद्रा, मृण्मूर्ती, भांडी. पुढे पुरातत्त्व खात्याने आणि नंतर काशी हिंदू विद्यापीठाने तेथे रीतसर उत्खनन केले. सापडलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा विद्यापीठाच्या भारत कला भवनात आहेत. रेल्वेने काशीत आणलेल्या नवेपणाविषयी बरेच बोलले जाते. शहराचे सर्वांत जुने थर उघडे पडले तेही रेल्वेच्याच खणतीमुळे, हे मात्र क्वचित सांगितले जाते. मेजावरील स्टेशनाच्या कडेला मातीचा एक उघडा चर आणि त्यात वाकून पाहणारी चार माणसे ठेवली, की १९४० चे वर्ष वेगळे लिहावे लागणार नाही.

सर्वांत समृद्ध काळ मात्र स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीसेक वर्षांचा. १४ एप्रिल १९५२ रोजी नव्या विभागीय रेल्वे स्थापन झाल्या, आणि काशीचा परिसर तिघांत वाटला गेला. मोगलसराई पूर्व रेल्वेकडे, पुलापलीकडचे कॅन्टोन्मेंट स्टेशन उत्तर रेल्वेकडे, आणि मीटरमार्ग ईशान्य रेल्वेकडे. एका मेजावर तीन रेल्वेंची अक्षरे दाखविण्याची मुभा देणारी गावे थोडीच. इंजिनांत १९४७ साली अमेरिकेहून आलेले डब्ल्यू-पी, गोळीसारखे निमुळते नाक आणि त्यावर तारा. पुढे त्यांची संख्या ७५५ झाली. मालगाडीसाठी डब्ल्यू-जी, चित्तरंजनच्या कारखान्यात घडलेले त्यातील पहिले इंजिन १९५० चे, देशबंधूंच्या नावाचे. मीटरमार्गावर त्यांचीच धाकटी भावंडे, वाय-पी आणि वाय-जी. डब्ल्यू-पी सुमारे चोवीस मीटर लांब, म्हणजे मेजावर सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटर. घट्ट वळणावर ते रुळांवरून उतरते आणि मग कर्त्याला आपल्या वळणांचा पुनर्विचार करावा लागतो.

याच काळात डब्यांवरील आणि पाट्यांवरील अक्षरेही बारकाईने पाहावी लागतात. १९५५ साली जुना पहिला वर्ग बंद झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले, आणि मधल्या ‘इंटर’ वर्गाचे नाव दुसरा वर्ग झाले. तेव्हा १९६० च्या गाडीला इंटरचा डबा जोडता येत नाही. तिसरा वर्ग राहिला तो १९७४ पर्यंत. त्यानंतरच्या डब्यावर तीन रेघांचा आकडा काढला तर तो चुकला. गावाचे अधिकृत नाव मे १९५६ मध्ये वाराणसी झाले. १९५५ च्या स्टेशनावर बनारस, १९५७ च्या स्टेशनावर वाराणसी. पाटी रंगविण्यापूर्वी वर्ष निश्चित केलेले असावे. आणि त्या वर्षांच्या देखाव्यात विजेच्या तारांचे खांब उभे करू नयेत. ते खांब पहिल्याने आले ते नदीपलीकडे, मोगलसराईला, साठीच्या दशकात.

या साऱ्या वर्षांतून एकच निवडावयाचे झाल्यास १९६४ निवडावे. काशीच्या मडुवाडीह भागात डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी १९५६ मध्ये कोनशिला बसविलेली. अमेरिकेतील अल्को कंपनीचे तंत्र. आणि जानेवारी १९६४ मध्ये २६०० अश्वशक्तीचे पहिले डब्ल्यू-डी-एम-टू इंजिन बाहेर पडले. त्याला निशाण दाखविणारे लालबहादूर शास्त्री याच परिसरातील. जन्म मोगलसराईचा, शिक्षण काशीचे. त्या एका वर्षी काशीच्या मेजावर काय काय मांडता येते पाहा. पुलावर डब्ल्यू-पी, यार्डात ब्रिटिश अमदानीतील जुने सहाचाकी इंजिन शंटिंग करीत असलेले, शेजारच्या फलाटावर मीटरमार्गाचे वाय-पी, आणि कारखान्याच्या फाटकाशी रंग न वाळलेले डिझेल. वाफेच्या गाडीचा फायरमन त्या नव्या इंजिनाकडे पाहत उभा करावा. त्याच्या फावड्याची गरज कशी संपणार आहे, हे त्याला त्या दिवशी तरी नुसते दिसले असेल. समजावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

पुढचा काळ वेगाने सांगून टाकण्यासारखा आहे. काशीच्या कारखान्याने मीटरमार्गासाठीही डिझेल इंजिने केली. रुंदमार्गावरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली, आणि नव्वदच्याच दशकात काशीचा मीटरमार्गही रुंद झाला. थोरला-धाकटा हा भेद गेला. डब्यांचा तांबडा रंग जाऊन निळा आला. २०१७ पासून डिझेलच्या त्या कारखान्यातून विजेची इंजिने निघू लागली, २०२० मध्ये त्याच्या नावातील डिझेल हा शब्दच गेला. मोगलसराईचे नाव २०१८ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले. २०२१ मध्ये मडुवाडीह स्टेशनाला बनारस हे नाव मिळाले, म्हणजे १९५६ मध्ये उतरविलेली अक्षरे वेगळ्या स्टेशनावर पुन्हा चढली. २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीहून काशीला पहिली वंदे भारत गाडी धावली. तिची तयार प्रतिकृती मिळविणे वाफेच्या इंजिनाच्या तुलनेने सोपे, आणि तिच्यासाठी वर्ष ठरविण्याचा त्रासही नाही.

काही मंडळी यावर उपाय म्हणून गाड्या दोन-तीन काळांच्या ठेवतात आणि पाहुण्यांच्या आवडीप्रमाणे बदलतात. डबे पेटीत ठेवता येतात, पाटी उलटविता येते. काशीत हा उपाय पुरता चालत नाही, कारण पूल पेटीत ठेवता येत नाही. एकेरी पूल केला की १९४० च्या अलीकडे येता येत नाही. दुमजली केला की गांधीजींची गाडी गेली. आणि दोन्ही सोडून १८८० ची काशी करावी, तर मेजाच्या मध्यावर नुसते पाणी उरते.

त्या पाण्याचाही विचार सोडून देऊ नये. सत्त्याऐंशीव्या भागात माणूस दोन सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो. पूर्वतीरावर थांबलेली गाडी, तिच्यातून उतरून रेतीतून चालत आलेली अशी वीस-पंचवीस माणसे, एकाच्या खांद्यावर म्हातारी आई. नावाड्याने काठी रोवलेली. आणि समोर, पोहोचायला अजून अर्धा तास असलेले घाट. इंजिनाने या देखाव्यात करावयाचे काम एकच. माणसांकडे पाठ करून मोगलसराईकडे परत निघावे.